अंगठा म्हणे

बुवा, हे मी सांगते आहे आणि सून लिहिते आहे. मला अजून लिहिता येत नाही, तेव्हा तिथे बसून ‘शिकली काय म्हातारी?’ असं विचारू नका. नाही शिकली. मधे आमच्या वस्तीत मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला होता, पाटी फुकट देत होते म्हणून चार दिवस गेले. अक्षरं मला दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसायची, आणि तसले कपडे मी घरी रोज बघतच होते. पाटी मात्र ठेवून घेतली, आमटीच्या पातेल्यावर झाकण म्हणून बरी पडते. सून म्हणते, ‘आई, हे पत्र पाठवायचं कुठे?’ म्हटलं, तू लिही गं, टपालाचं मी बघते. ती हसली नाही. पेन हातात आलं की ही मुलगी फार गंभीर होते.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण तिला नाही. तिला कळलं नाही तर ती दर ओळीला थांबून विचारत बसेल, म्हणून पहिल्यापासून सांगते. घाटकोपरच्या डोंगरावर आमची सहा खोल्यांची बैठी चाळ, वर पत्रे. शेवटची खोली तुमची, तिच्या अलीकडची आमची. मधली भिंत विटांची, पण विटा संपल्या की घरमालकाचा उत्साहही संपला असावा, कारण ती पत्र्यापर्यंत पोचलीच नव्हती. वरच्या हातभर फटीतून तुमची पेटी आमच्याकडे यायची आणि आमची भांडणं तुमच्याकडे जायची. तुमची बायको गावी, शेत आणि म्हातारी सांभाळत. तुम्ही इथे गिरणीत, आणि गिरणी सुटली की भजनात. डबलबारीचे बुवा म्हणून तुमचं नाव मुलुंडपर्यंत होतं. सून आहे नाशिककडची, तिला डबलबारी म्हणजे काय तेही सांगावं लागलं. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने गायचं, दुसऱ्याने गाऊनच त्याला उत्तर द्यायचं, मधेमधे टोमणे मारायचे, आणि कोण वरचढ ते ऐकणाऱ्यांनी ठरवायचं. ती म्हणाली, ‘म्हणजे भांडणच की.’ म्हटलं हो, पण पखवाजावर.

मी तेव्हा लोकांचे मसाले कांडून द्यायची. यंत्राच्या डंक्यावरचा मसाला नको, हाताने कांडलेला हवा, असं म्हणणाऱ्या बायका पुष्कळ होत्या; स्वतःच्या हाताने कांडलेला हवा असं कोणी म्हणत नव्हतं. फाल्गुनापासून आमच्या दारात मिरच्या वाळत पडायच्या. मुसळ पडायला लागलं की माझं तोंडही सुरू व्हायचं. काहीबाही जोडायची, ह्यांच्या नाकावर, सासूबाईंच्या तपकिरीवर, देवावर, जे समोर येईल त्यावर. ते कुणी ऐकत असेल असं मला वाटत नव्हतं. ह्यांनी तर ऐकायचं केव्हाच सोडलं होतं.

मग गिरण्यांचा संप झाला. तुम्ही दिवसभर घरी, हे दिवसभर घरी, सगळी चाळच घरी. एक दिवस मी बांगड्याचं तिखलं केलं आणि एक जर्मनचा डबा तुमच्याकडे पाठवला. एकटा माणूस किती दिवस पेज खाणार. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही दारात उभे, हातात घासलेला डबा. आता डबा रिकामा परत करायचा नाही, ही चाळीची रीत. कोणी चिमूटभर साखर घालतं, कोणी चार कढीलिंबाची पानं. तुमच्याकडे दोन्ही नव्हतं. तुम्ही झाकण उघडलंत, डब्यात तोंड घालून काहीतरी गुणगुणलात आणि झाकण लावून डबा माझ्या हातात दिलात. म्हणालात, “डबो रिकामो नाय हां बाय. चाल आसा ह्येच्यात. झाकण नीट लाव, वास जातलो.” मी हसले. हे आतून म्हणाले, “बुवा संपाने वेडे झाले.” मलाही तसंच वाटलं. पण ती चाल संध्याकाळी भाकऱ्या थापताना माझ्या हातात आली, रात्रीची भांडी घासेपर्यंत तिच्यात शब्द बसले, आणि सकाळी मी झाकण उघडून तुमच्या दारात त्यात चार ओळी म्हटल्या. तुम्ही डबा कानाला लावलात. शेजारची म्हातारी बघत होती. तिने त्याच दिवशी नळावर जाहीर केलं की शेवटच्या दोन्ही खोल्यांवर कोणीतरी करणी केली आहे.

तिथून सुरुवात. तुम्ही चाल द्यायची, मी शब्द घालून पाठवायची. कधी मी आधी शब्द धाडायची आणि तुम्ही त्यांना चाल लावून परत करायचे. डब्याचं सोंग चार दिवसांत संपलं. भिंतीवरच्या फटीतून काम भागायला लागलं. मला मापाचं काही कळत नव्हतं, माझ्या ओळी कुठेही लांबायच्या, कुठेही संपायच्या. एकदा तुम्ही दारात बसून माझा हात बघितलात, ज्योतिषासारखा. म्हणालात, एकेका बोटाला तीन पेरं. अंगठा फिरव. दोन बोटं झाली की एक घास, परत दोन बोटं, परत दोन, आणि मग फक्त चार पेरं. सहा, सहा, सहा, चार. झाला अभंग. मी म्हटलं, एवढंच? तर म्हणालात, “एवढाच. बाकीचा देवाक म्हायत.” त्या दिवसापासून माझा अंगठा थांबला नाही. भाजी घेताना, डॉक्टरकडे रांगेत, ह्यांचं बोलणं ऐकताना, पदराखाली आपला मोजतो आहे. आत्ताही मोजतो आहे. सून वर बघते, तिला वाटतं आईंचा हात दुखतो.

आणि तुमचा राग. तो एकदाच बघितला. मला दोन दिवस काही सुचत नव्हतं, मिरच्यांचं काम फार होतं. तुमच्याच एका जुन्या गजरातले शब्द इकडचे तिकडे केले आणि भिंतीवरून सोडले. पेटी बंद झाली. तुम्ही दारात आलात, आत आला नाहीत. “ह्या उसना झाला,” म्हणालात. “माझा माका परत. मी तुका उसना दिलेलं काय?” मग तुम्ही उंबऱ्यावर टेकलात आणि मास्तरासारखं समजावलंत. वाटीभर साखर उसनी नेली तर वाटीभर साखरच परत द्यायची, तेवढीच, तसलीच, आणि मग दोन घरांत काही उरत नाही. पण कोणी काही आपण होऊन दिलं तर तेच परत देणं म्हणजे त्याच्या तोंडावर फेकणं. त्याला दुसरं काहीतरी द्यायचं, आपल्या हातचं, आणि लगेच नाही, सुचेल तेव्हा. तोवर राहू दे अंगावर. मी म्हटलं, “बुवा, दोन दिवस मसाला कांडून माझे खांदे भरलेत. अंगावर आणखी काय काय ठेवू?” तुम्हाला हसू आलं. पण त्यानंतर मी तुम्हाला कधी उसनं दिलं नाही.

त्याच उन्हाळ्यात तो अभंग झाला. पहिलं कडवं माझं तोंडात आलं ते अगदी खरं घडलेलं होतं, मिरच्या भाजत होते आणि सगळी चाळ खोकत होती:

मिरची भाजता, ठसका लागला,
आत कोण आला, कळेना की.

तुम्हाला ते एवढं आवडलं की तुम्ही तीन चाली टाकून दिल्यात आणि चौथी ठेवलीत. मधली कडवी आठ-दहा दिवसांत झाली. मग आमच्या घरात दुसरंच ठरायला लागलं. संप मिटत नव्हता. एका सकाळी ह्यांनी चहा पिता पिता सांगितलं की मी मुलांना घेऊन गावी जावं, खोली सोडून द्यावी, हे कोणाकडे तरी गाळ्यात, गाववाल्यांच्या दाटीत, राहतील. चहा पिऊन झाल्यावर कप खाली ठेवावा तसं सांगितलं. वाईट माणूस नव्हता, पर्याय नव्हता. मी हो म्हटलं आणि उखळ पुढ्यात ओढलं. गावी मला कोण चाल देणार होतं? जाऊबाई? त्या दुपारी कांडता कांडता शेवटचं कडवं झालं. मी ते भिंतीवरून सोडलं. पलीकडची पेटी थांबली. पुढे ह्यांना मुलुंडला वॉचमनची नोकरी लागली आणि माझं गावी जाणं राहिलं, ते अजून राहिलंच आहे.

आता अभंगाच्या शेवटच्या कडव्यात करणाऱ्याचं नाव घालतात. अमका म्हणे, तमका म्हणे. मी तुमचंच नाव घातलं होतं. तुम्ही ऐकेनात. “करणाऱ्याचा नाव लागूक व्हया. शब्द तुझे.”

“चाल तुमची.”

“चालीक नाव लागना नाय.”

मी म्हटलं, बुवा, मी नवऱ्याचं नाव उखाण्यातसुद्धा लाजत घेते, आणि तुम्ही माझं नाव माईकवर घेणार? समोर हे बसलेले असणार, सगळा गाव बसलेला असणार. शेजारची म्हातारी काय म्हणेल? ती करणीवरून पुढे सरकेल. माझं नाव घेतलंत तर माझी शपथ आहे. तुम्ही म्हणालात, “मगे कोणाचा लावू? बिननावाचो अभंग म्हणजे पोरको.” मी वैतागून म्हटलं, “लावा अंगठ्याचं! रेशनच्या दुकानात माझा तोच चालतो.” मी थट्टा केली होती. तुम्ही आपल्या हाताकडे बघितलंत, अंगठा बोटांवरून एकदा फिरवलात आणि म्हणालात, “मोजता तर तोच गो.” झालं, ठरलं.

बारी होती रविवारी दुपारी, डोंगराच्या पायथ्याशी, कोणाच्या तरी सत्यनारायणाला. मांडव भरलेला. पुरुष पुढे, बायका कडेला चहाच्या टेबलाजवळ, म्हणजे कामाला. समोरचे बुवा भांडुपचे, तुमच्याहून तरुण, केसांना तेल, बोटात अंगठी, तोंडाने पक्के. तुम्ही आधी गायलात. सगळं नेहमीसारखं झालं आणि मग तुम्ही तो अभंग काढलात. मिरचीच्या कडव्याला बायका हसल्या. माझ्या बाजूची म्हणाली, “आगो, ह्या कोणीतरी बायलमाणसान केलेला दिसता.” मी कप विसळत होते. शेवटचं कडवं आलं:

अंगठा म्हणे रे, डोळा आले पाणी,
रडते का कोणी, कांडते मी.

कोणी हसलं नाही. बाजूच्या बाईने पदर नाकाला लावला. तुम्ही ती ओळ परत घेतलीत, आणखी एकदा घेतलीत आणि थांबलात. टाळ्या पडल्या त्या उशिरा.

मग समोरच्या बुवांनी पेटी पुढे ओढली, पण वाजवली नाही. “मंडळी,” म्हणाले, “तासभर बसलात, टाळ्यो वाजवल्यात. आणि बुवांनी शेवटी तुमका काय दाखवल्यानी? अंगठो!” आणि स्वतःचा अंगठा वर करून नाचवला. मांडव फुटला. आमचे हे तर मांडीवर थापा मारत होते. “नाव सांगा की बुवा,” ते म्हणाले, “अंगठो कोणाचो? तुमचो, की उसनो?”

हे मात्र झोंबणारं होतं. बुवांना दुसऱ्याने लिहून दिलेलं गातो असं म्हणणं म्हणजे लग्नात नवऱ्याचा टोप ओढणं. तुमच्यापुढे सोपा रस्ता होता, एक नाव घ्यायचं. तुम्ही ते घेतलं नाहीत. हसत राहिलात. ते उसनं नव्हतं असं तर तुम्ही म्हणू शकला असता, पण मग कोणाचं, हे विचारलंच असतं. समोरचे बुवा गायला लागले आणि चहाची वेळ झाली म्हणून मला तुमच्याकडे ट्रे घेऊन पाठवलं.

सुने, आता हे नीट लिही, गाळू नकोस. टेबलापासून बुवांपर्यंत वीस पावलं असतील. दहाव्या पावलाला मला उत्तर सुचलं होतं. आख्खं. मोजून झालेलं:

अंगठ्याने टिळा, अंगठ्याने ठसा,
तुम्हा राग कसा, अंगठ्याचा.

तुमच्या पाळीला एवढं म्हटलं असतंत तर मांडव उलटून तुमच्याकडे आला असता. माझं नाव सांगायची गरज नव्हती, कोणाचंच नव्हती. मी ट्रे पुढे केला. तुम्ही कप घेतला नाहीत. खाली मान घालूनच, फक्त मला ऐकू येईल असं उत्तर मागितलंत, “आसा काय?”

मी म्हटलं, “चाय आसा. घेवा.”

तुम्ही वर बघितलंत. मग कप घेतलात. तुमच्या पाळीला तुम्ही कुठलासा जुनाच गजर म्हटलात, सगळ्यांना पाठ असलेला, आणि शाल-नारळ भांडुपला गेला. डोंगर चढताना हे तुम्हाला म्हणाले, “बुवा, अंगठ्यान वाट लावली.” तुम्ही म्हणालात, “लावली खरी.” मी दोन पावलं मागे होते, मुलगा कडेवर.

दुसऱ्या दिवशी मी तिखलं केलं, डबा पाठवला. संध्याकाळी डबा परत आला. दारात तुम्ही नव्हतात, शेजारच्या म्हातारीकडून आला. आत चिमूटभर साखर होती. सगळे घालतात तशी. मी ती किती वेळ बघत बसले आणि मग मुलाच्या दुधात घातली. पावसाळ्याआधी तुम्ही गावी गेलात. गिरणी उघडली नाही, तुम्ही आला नाहीत. पुढच्या वर्षी पोस्टकार्ड आलं, ते ह्यांनी वाचून दाखवलं. ताप आला, दोन दिवसांत गेले, एवढंच होतं. मी तेव्हा दगडफूल निवडत होते. निवडत राहिले.

सून विचारते, उत्तर आलं होतं तर दिलं का नाही? मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की लाजले, हे समोर होते, लोक बघत होते. खोटं आहे. मी लाजत नाही, हे सुनेलाही माहीत आहे. मला राग आला होता. त्या कडव्याची शेवटची चार अक्षरं माझी नव्हती. मी भिंतीवरून सोडलं होतं, ‘रडते का कोणी, मिरची ही’. लोकांनी हसायला हवं होतं तिथे. मी हसण्यासाठीच केलं होतं. आणि तुम्ही मला न विचारता ‘मिरची’ काढून टाकलीत आणि ‘कांडते मी’ घातलंत, आणि मला ते भर मांडवात, कप विसळताना कळलं. मला वाटलं, माझं नाव नको म्हटलं तर तुम्ही माझा शब्दच काढलात. माझं हसू त्या भांडुपच्या तेलकट माणसाला मिळालं, तर मिळू दे. तुम्हाला हरताना एकदा बघावं असंही वाटलं. ते बघितलं. फार काही बघण्यासारखं नव्हतं.

तुम्ही मला दुसरं काहीतरी दिलं होतंत आणि मी ते तोंडावर फेकलं, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. तोवर तो अभंग मी कांडताना माझ्याच शब्दांनी म्हणायची. मग कधीतरी, ह्यांना जाऊन वर्ष झालं असेल, म्हणता म्हणता तोंडातून तुमचे शब्द गेले, आणि मग परत माझे बसेनात. चार अक्षरं तीही आणि चार हीही, अंगठ्याला फरक कळत नाही. पण तुमच्या शब्दात ती बाई रडते की नाही ते सांगतच नाही, नुसती आपलं काम सांगते. माझ्या शब्दात ती सबब सांगते.

सुनेने पान उलटलं आहे आणि विचारते आहे की पाकिटावर काय लिहू. काही लिहू नकोस म्हटलं, घडी घाल आणि तांदळाच्या डब्याखाली सरकव. तिथे तुमच्या आधीच्या दोन लग्नपत्रिका आणि एक बँकेचा कागद आहे, सोबत होईल. ‘अजून काही?’ म्हणते. हो, एवढंच घाल. ज्या दुपारी मी शेवटच्या कडव्यात मिरची घातली, बुवा, त्या दुपारी चाळीत कोणीही खोकत नव्हतं. तुम्हीही नाही. मी धणे कांडत होते.